होड्या सजवायच्या आधी



गेल्या रविवारी मिस्सा झाल्यावर सभागृहात नाताळाच्या तयारीची बैठक होती. चहा झाला, मागच्या वर्षीचा हिशेब वाचून झाला, आणि मग आपल्या तरुण मंडळींनी पडद्यावर एक व्हिडिओ दाखवला. अमेरिकेतल्या टेक्सस राज्यातले सॅन अँटोनिओ शहर, शहराच्या मधून वाहणारी अरुंद नदी आणि तिच्यावरून एकामागून एक येणाऱ्या दिव्यांनी मढवलेल्या होड्या. व्हिडिओ संपला तेव्हा मागच्या बाकांवरची मुले उभी राहून टाळ्या वाजवत होती. प्रस्ताव असा की यंदा बेळगावच्या किल्ला तलावात आपणही तीन होड्या सजवाव्यात. पहिलीत गव्हाणी, दुसरीत गायकवृंद, तिसरीत सांताक्लॉज. दिवे, जनरेटर, ध्वनिक्षेपक, होड्या आणि परवानग्या मिळून खर्चाचा अंदाज दीड लाख रुपये.

आम्ही विरोध केला. त्यावर एका जुन्या मित्राने सगळ्यांसमोर सांगितले, "तुम्हाला आनंदाचं वावडं आहे." बैठकीत बोलायला पाचच मिनिटे मिळाली आणि ती रागात गेली. म्हणून इथे शांतपणे लिहितो. शांतपणा शेवटपर्यंत टिकेलच असे नाही.

आधी एक कबुली. तो सोहळा देखणा आहे. थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी, नोव्हेंबरातल्या शुक्रवारी संध्याकाळी, तो असतो. काठावरच्या उंच सायप्रस वृक्षांवरून सोडलेल्या दिव्यांच्या माळा पेटतात आणि सजवलेल्या दोन डझनांहून अधिक होड्या वळणावळणाने जातात. कोणावर वाद्यवृंद, कोणावर नाचणारी मुले, आणि सांताक्लॉजही. वाटेत आर्नेसन नावाचे खुले नाट्यगृह आहे. त्याचा रंगमंच एका काठावर, प्रेक्षकांच्या दगडी पायऱ्या दुसऱ्या काठावर, आणि मधून नदी. होड्या त्या मधूनच जातात. काठावरच्या खुर्च्यांना तिकीट असते. वर्षभर राबणाऱ्या माणसाने एका संध्याकाळी मुलाला खांद्यावर घेऊन हे पाहावे, यात आम्हाला काहीही गैर दिसत नाही.

बैठकीत विरोध करणारे आणखी दोघे होते, पण त्यांचा मुद्दा निराळा होता. त्या मिरवणुकीच्या नावात 'ख्रिसमस' नाही, 'हॉलिडे' आहे, आणि त्याच्याही आधी एका मोटार कंपनीचे नाव आहे. म्हणजे ख्रिस्ताला नाताळातून हाकलले, असे त्यांचे दुःख. आम्हाला ते दुःख फारसे पटत नाही. फलकावरून प्रभूचे नाव काढले की आपण लगेच अस्वस्थ होतो. बेथलेहेमच्या उतारशाळेवर कोणाचे नाव होते हे लूकने लिहिलेले नाही. आत जागा नव्हती, एवढेच लिहिले आहे. नगरपालिकेने उद्या त्या मिरवणुकीचे नाव बदलून मोठ्या अक्षरांत 'ख्रिस्तजन्म' केले, तरी काठावरचे एकही दार त्यामुळे उघडणार नाही.

आता त्या शहराविषयी थोडे. ते आपल्या ओळखीचे आहे. 13 जून 1691 रोजी स्पॅनिश मोहीम त्या नदीकाठी पोचली. दिवस पदुआच्या संत अंतोनीच्या सणाचा होता, म्हणून जागेला त्याचेच नाव मिळाले. तिथे राहणाऱ्या पायाया लोकांकडे त्या जागेला स्वतःचे नाव होते, यानाग्वाना. ते मागे पडले. 1718 मध्ये फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी तिथे मिशन उभारले. संत अंतोनी आपल्याला परका नाही. किल्ली हरवली, रेशनकार्ड सापडेना, की आपल्या घरांत आजही त्याचीच आठवण होते. हरवलेले शोधून देणारा संत. त्याच्या नावाच्या शहरात काय हरवले हे शोधायला म्हणून आम्ही थोडे वाचन केले, आणि दोन गोष्टी सापडल्या.

पहिली सप्टेंबर 1921 ची. त्या रात्री सॅन अँटोनिओत महापूर आला. बाजारपेठेत पाणी भरले, दुकानांचे अतोनात नुकसान झाले. पण सुमारे पन्नास माणसे मेली ती बहुतेक बाजारपेठेत नव्हे. ती मेली शहराच्या पश्चिमेला, अलाझान नावाच्या ओढ्याकाठी, जिथे मेक्सिकन मजुरांच्या लाकडी खोपट्या होत्या. पुराच्या लोंढ्यात खोपट्या माणसांसकट गेल्या. नंतर शहराने पूर अडवायला मोठे धरण बांधले आणि त्याचा लाभ मुख्यतः बाजारपेठेला झाला. पश्चिमेच्या ओढ्यांचे दुखणे पुढे कित्येक वर्षे तसेच राहिले. बाजारातल्या नदीसाठी मात्र 1929 मध्ये रॉबर्ट ह्यूगमन या तरुण वास्तुविशारदाने दुकाने, पूल आणि पायवाटा यांचा सुंदर आराखडा मांडला, आणि 1939 ते 1941 या काळात सरकारी रोजगार योजनेतून तो उभा राहिला. आज होड्या जातात त्या त्याच वळणावरून. दिव्यांचा हेवा आम्हाला वाटत नाही. पण दिवे कुठे लावायचे हे कोणीतरी ठरवते, आणि ठरवताना अलाझानच्या काठावर कोणी उभे नसते.

दुसरी गोष्ट आम्हाला जास्त महत्त्वाची वाटते. त्याच नदीच्या त्याच काठावर नाताळाआधी आणखी एक मिरवणूक निघते, आणि तिचा व्हिडिओ कोणी बैठकीत दाखवत नाही. तिचे नाव लास पोसादास. 'पोसादा' म्हणजे मुक्कामाची जागा, उतारा. ही प्रथा मेक्सिकोची. सोळाव्या शतकाच्या अखेरीस आकोल्मानच्या ऑगस्टीनियन मठातून ती पसरली असे मानतात. मूळ प्रथेत ती नऊ रात्रींची, 16 ते 24 डिसेंबर. आपल्या नोव्हेनासारखीच, फरक इतका की ही पायांनी करायची असते. पवित्र मरिया आणि संत योसेफ झालेली दोन मुले पुढे, मागे मेणबत्त्या घेतलेले लोक. एका दारापाशी थांबायचे आणि गाण्यातून रात्रीपुरती जागा मागायची. आतले लोक गाण्यातूनच नाही म्हणतात. तुम्ही कोण, चोर तर नाही, पुढे चला. दुसऱ्या दारी तेच. शेवटी एक दार उघडते, सगळे आत जातात, मुलांना गोड पाव आणि गरम चॉकलेट मिळते. सॅन अँटोनिओत जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेने 1966 मध्ये ही मिरवणूक नदीकाठी सुरू केली. वाट दाखवायला डिसेंबरच्या रात्री काठावर दिवे ठेवतात. कागदी पिशवीत मूठभर वाळू आणि तीत एक मेणबत्ती.

पहिल्या मिरवणुकीत आपण काठावर बसतो आणि उजेड समोरून जातो. आपल्याकडून तो काही मागत नाही. दुसरीत आपल्याला एक पात्र मिळते, आणि ते बहुधा मरियेचे किंवा योसेफाचे नसते. बहुतेकांना दारामागचे पात्र मिळते. नाही म्हणणाऱ्याच्या ओळी म्हणायला लोक लागतात, आणि त्या वर्षानुवर्षे भाविकच म्हणत आले आहेत. म्हणताना त्यांना काय वाटत असेल कोण जाणे.

आम्हाला मात्र त्या ओळी पाठ आहेत. बऱ्याच दिवसांपूर्वी, पावसाळा संपताना, झारखंडकडचे एक जोडपे मिस्साला आले होते. बांधकामावर सळ्या बांधणारा नवरा, बायको, कडेवर दोन वर्षांचा मुलगा. मराठी येत नव्हते, पण जपमाळ आपल्याबरोबर हिंदीतून म्हणत होते. मिस्सानंतर फाटकापाशी उभे राहून त्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारले, "कमरा मिलेगा?" त्या फाटकातून बाहेर पडणारी निदान सात घरे आम्ही नावानिशी सांगू शकतो, ज्यांच्याकडे त्या दिवशी भाड्याने देता येईल अशी खोली होती. उत्तरे अशी मिळाली. ओळखीचं कोण आहे तुमचं? आधारकार्डावर पत्ता कुठला? रात्री-अपरात्री येणंजाणं असेल. पाण्याची टंचाई आहे. मुलीचं लग्न ठरतंय. एका भल्या बाईंनी बाळाला बिस्किटे दिली आणि पुढच्या गल्लीत विचारायला सांगितले. त्या आठवड्यात ते तिघे उद्यमबागेकडे कामाच्या जागीच पत्र्याच्या शेडमध्ये राहायला गेले. परत मिस्साला दिसले नाहीत.

त्या सात घरांत एक आमचे होते. आमच्या माडीवर खोली आहे. आम्ही सांगितले, खोलीत सामान आहे. खोटे नव्हते. सामान होतेच. दरवर्षीच्या गव्हाणीची लाकडी पेटी, मेंढ्या, तीन राजे, कागदी डोंगर आणि दिव्यांच्या माळांची खोकी. येशूच्या जन्माच्या देखाव्याने खोली भरलेली होती, म्हणून जागा नव्हती. हे आम्हाला त्या दिवशी सुचले नाही. ते या रविवारी पडद्यावर होड्या बघताना सुचले आणि घशात अडकले. बैठकीत आमचा आवाज चढला तो त्यामुळे. तरुणांवर राग नव्हता, त्यांनी तो तसा समजू नये.

आता समोरच्या बाजूचे म्हणणे. एक मुद्दा वजनदार होता. चोर्ला घाट उतरून गेले की साखळीला त्रिपुरारी पौर्णिमेच्या रात्री वाळवंटी नदीत सजवलेल्या नौका सोडतात, लांबून लोक बघायला जातात, आपल्यातलेही जातात. मग आपणच का अंधारात बसायचे? आपण इथे आहोत हे शहराला दिसू नये का? अल्पसंख्य समाजाच्या मनातला हा प्रश्न आम्ही थट्टेवारी नेणार नाही. दिसावे असे आम्हालाही वाटते. पण शहराला आपण दिसतोच. आपल्या शाळेत शहराची मुले शिकली, आपल्या नर्सबाईंनी शहराच्या सुया टोचल्या. न दिसण्याची खरी तक्रार करायचा हक्क असलाच तर तो फाटकापाशी उभ्या राहिलेल्या त्या तिघांचा आहे, आणि ती तक्रार आपल्याविरुद्ध असेल.

शिवोलीचे उदाहरणही कोणीतरी दिले. गोव्यात 24 जूनला, सांजावच्या दिवशी, तिथे होड्या सजवून आणतात. बरे झाले दिले. शिवोलीची मुख्य चर्चही संत अंतोनीचीच आहे, पण त्याहून मोलाची गोष्ट अशी की त्या होड्या आजूबाजूच्या गावांतून शिवोलीत येतात. कोणाकडे तरी येतात. बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचा सण, आणि आईच्या उदरातच त्याने आनंदाने उडी मारली ती केव्हा? मरिया चालत त्याच्या घरी भेटीला आली तेव्हा. सजावट त्या भेटीची आहे. किल्ला तलावातल्या आपल्या तीन होड्या कोणाकडे जाणार? तलावाला फेरी मारून निघाल्या तिथेच परत येणार.

आणि सांताक्लॉजची तिसरी होडी. त्याबद्दल आम्ही इथे लिहीत नाही, बैठकीत बोललो ते पुरे झाले.

सॅन अँटोनिओची आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. सण सरले की जानेवारीत तिथे नदीचे ते वळण रिकामे करून तळ साफ करण्याची रीत अनेक वर्षे होती. पाणी काढल्यावर चिखलातून खुर्च्या, काटे-चमचे, फोन, काय काय निघायचे. लोकांनी त्याचाही उत्सव केला आणि चिखलाचा राजा-राणी निवडले. आम्हाला हे मनापासून आवडले. उत्सव संपल्यावर तळाशी काय साठले हे उघड्यावर काढून बघायला धैर्य लागते, आणि हसत बघायला त्याहून जास्त. आपल्या नाताळाचा हिशेब आपण मागच्या रविवारी वाचला. दिवे इतके, केक इतके, मंडप इतका. आत कोण आले आणि फाटकावरून कोण परत गेले, याचा रकाना त्या वहीत नाही.

म्हणून आमचा उलटा प्रस्ताव असा आहे आणि तो फादरांकडे लेखी दिला आहे. 16 डिसेंबरपासून नऊ संध्याकाळी आपण चालायचे. रोज एका गल्लीत, आपल्याच लोकांच्या दारांवर. गाणी आपली मराठी, कोंकणी, ज्याला जी येते ती. दीड लाखाची गरज नाही. कागदी पिशव्या, वाळू आणि मेणबत्त्या आम्ही आणतो. मात्र नाटक करायचे नाही. दार ठोठावून खरोखर विचारायचे की या घरात भाड्याने देता येईल अशी खोली आहे का, आणि बाहेरून आलेल्या कुटुंबाला, विद्यार्थ्याला, मजुराला ती रास्त भाड्यात द्याल का. हो म्हणाले तर वहीत नाव लिहायचे. नाही म्हणाले तर आभार मानून पुढे. कारण विचारायचे नाही. कारणे आम्हाला माहीत आहेत. तरुण मंडळींना यात गंमत नाही असे वाटत असेल तर त्यांनी पहिल्या संध्याकाळी फक्त एक दार ठोठावून बघावे.

वही शनिवारपासून चर्चच्या मागच्या टेबलावर, नोव्हेनाच्या पुस्तकांशेजारी ठेवली आहे. काल संध्याकाळपर्यंत तीत दोन खोल्या होत्या. त्यातली दुसरी आमच्या माडीवरची. गव्हाणीची पेटी खाली आणली आहे, जिन्याखाली बसवली. तीन राजांतल्या एकाचा हात उतरवताना मोडला, तो चिकटवायचा आहे. उद्यमबागेकडे आम्ही दोनदा जाऊन आलो. तिथले काम संपले आहे आणि शेड काढून नेली आहे. ठेकेदाराच्या माणसाने एक फोन नंबर दिला आहे. तो लागत नाही, पण रोज लावून बघतो.