शक्तिमान आणि उंदराची टोपी

विष्णुपुरी म्हटले की नांदेडच्या माणसाला गोदावरीवरचा बंधारा आठवतो, काठावरचे काळेश्वराचे देऊळ आठवते आणि विद्यार्थ्यांची वर्दळ आठवते. १९८१ साली येथे अभियांत्रिकी महाविद्यालय आले, १९९४ साली स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, आणि नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली या जिल्ह्यांतल्या खेड्यापाड्यांची मुले येथे येऊ लागली. या परिसरातल्या एका चहाच्या टपरीवर परवा जी चर्चा कानी आली, तिचा विषय राजकारण नव्हता, परीक्षाही नव्हती. विषय होता 'शक्तिमान'.

चर्चा करणाऱ्यांत दोन पिढ्या होत्या. चाळिशीकडे झुकलेल्या अध्यापकांनी ही मालिका १९९७ ते २००५ या काळात, म्हणजे आपल्या शाळकरी वयात पाहिलेली. विद्यार्थ्यांपैकी काहींनी ती २०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनने पुन्हा दाखविली तेव्हा पाहिलेली. भोळसट गंगाधर आणि पंचमहाभूतांचे बळ अंगी असलेला शक्तिमान एकच, हे वार्ताहर गीता विश्वासच्या इतके दिवस ध्यानात कसे आले नाही, यावर गंभीर वाद चालला होता. शक्तिमान श्रेष्ठ की इंद्रजाल कॉमिक्समधला महाबली वेताळ, यावरही दोन तट पडले. मग ओघानेच बालपणीच्या इतर गोष्टी निघाल्या: 'चांदोबा'तला विक्रमाच्या खांद्यावरचा वेताळ, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, आणि आजीच्या गोष्टी.

समाजवादी साप्ताहिकाच्या पानावर या पोरखेळाचे काय काम, असे एखादा वाचक विचारील. आमचे म्हणणे असे की, न्याय म्हणजे काय आणि तो कोण मिळवून देतो, याची पहिली कल्पना मनुष्याला राज्यघटनेतून मिळत नाही. ती गोष्टीतून मिळते. आठ वर्षांच्या मुलाच्या मनात जी गोष्ट रुजते, ती अठराव्या वर्षी मतपेटीपर्यंत त्याच्याबरोबर चालत जाते. तेव्हा हा विषय पोरखेळाचा खचित नव्हे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. 'शक्तिमान' पाहणाऱ्या मुलांची थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही. दुर्बळाच्या हाकेला कोणी तरी धावून यावे ही इच्छा निर्मळ आहे. तिच्यावाचून जगात एकही चळवळ उभी राहिली नसती. त्या काळी मुले नायकाची नक्कल करून स्वतःस इजा करून घेतात अशा बातम्या वृत्तपत्रांत आल्या, आणि असे धाडस करू नका, असे मालिकेतील नायकालाच मुलांना सांगावे लागले. तेव्हा पुष्कळांनी दूरचित्रवाणीला दोष दिला. संकटात आपल्याला वाचवणारे कोणी नाही असे मुलांना का वाटावे, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाही.

टपरीवरच्या मंडळींतल्या एका अध्यापकाने मग जे सांगितले, त्यामुळे हसणेखिदळणे क्षणभर थांबले. त्याच्या गावात तेव्हा एकाच वाड्यात कृष्णधवल संच होता. मालिकेची वेळ झाली की सारी आळी तिकडे लोटायची. वीज गेली तर ट्रॅक्टरची बॅटरी काढून संचाला जोडायची. याच्या वस्तीतल्या मुलांना मात्र आत बसण्याची मुभा नव्हती. ती खिडकीचे गज धरून, टाचा उंचावून पाहात. आतली मुले शक्तिमान आला की टाळ्या वाजवीत, बाहेरचीही वाजवीत. "इतकी वर्षे तो सगळीकडे गेला," अध्यापक म्हणाला, "आमच्या खिडकीशी काही आला नाही."

या एका वाक्यात जे आहे, ते समीक्षेच्या ग्रंथांत सापडणे कठीण. शक्तिमानचा मुख्य वैरी तमराज किल्विष, म्हणजे अंधाराचा सम्राट. तो दूरचा आहे, राक्षसी आहे, त्याला ओळखणे सोपे आहे. वाड्याचा मालक राक्षस नव्हता. तो कदाचित दानशूर असेल, देवभोळाही असेल. त्याच्या अंगणातली रेघ कोणत्याही आकाशातून दिसत नव्हती. अंधार ही सृष्टीतली एक दुष्ट शक्ती आहे असे एकदा ठरले, की गावातला अंधार कोणी पाडला, कोणाच्या सोयीसाठी पाडला, हा प्रश्न गळून पडतो. मग उरतो तो चांगल्या सवयींचा उपदेश. मालिकेच्या शेवटी मुलांसाठी तोही असे. तो वाईट नव्हता. पण खिडकीबाहेरच्या मुलाने कितीही चांगल्या सवयी लावून घेतल्या तरी त्याला आत जागा मिळणार नव्हती.

या प्रकारच्या नायकाची कुळकथा पाहिली तर गंमत वाटते, आणि खेदही होतो. त्याचा मूळपुरुष सुपरमॅन. १९३८ साली, महामंदीच्या झळा सोसलेल्या अमेरिकेत, क्लीव्हलंडच्या जेरी सीगल आणि जो शूस्टर या स्थलांतरित यहुदी कुटुंबांतल्या दोन तरुणांनी तो निर्माण केला. 'ॲक्शन कॉमिक्स'च्या तिसऱ्याच अंकात हा सुपरमॅन खाणकामगाराच्या वेषात खाणीत उतरतो. मालकाने सुरक्षिततेची साधने पुरवली नाहीत म्हणून एक मजूर जायबंदी झालेला असतो. सुपरमॅन काय करतो? तो मालकाला आणि त्याच्या मेजवानीच्या पाहुण्यांना त्याच खाणीत कोंडून घालतो आणि भयाची साधने निकामी आहेत हे त्यांना स्वतः अनुभवायला लावतो. मालक सुधारणा कबूल करतो. त्या आरंभीच्या नायकाला संकट कोणी आणले हे ठाऊक होते. पुढे व्यापार वाढला, वैरी परग्रहावरून येऊ लागले, आणि खाणमालक गोष्टीतून सुखरूप बाहेर पडला. ज्यांनी हा नायक घडवला त्या दोघांना त्याच्या हक्कांबद्दल मिळाले होते एकशे तीस डॉलर. उतारवयात हलाखीत असताना त्यांनी आपले गाऱ्हाणे जाहीरपणे मांडले, तेव्हा कुठे १९७५ साली कंपनीने त्यांना वर्षासन आणि नावाचे श्रेय दिले. सबंध जगाला वाचवणाऱ्याला आपल्या निर्मात्यांना वाचवता आले नाही. त्यासाठी तक्रार, लोकमत आणि सहकाऱ्यांचा पाठिंबा, हीच साधी साधने लागली.

आता आजीच्या गोष्टीकडे वळू. त्याच अध्यापकाची आजी ऊसतोड मजूर होती. दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन टोळी पश्चिम महाराष्ट्रात जायची आणि कारखान्याच्या आवारात कोप्या पडायच्या. रात्री त्या कोपीत आजी नातवंडांना उंदराच्या टोपीची गोष्ट सांगायची. ही गोष्ट मराठी वाचकाला सांगायला नको. उंदराला चिंधी सापडते. धोबी ती धुतो, रंगारी रंगवतो, शिंपी तिची गोंड्याची टोपी शिवतो. ती घालून उंदीर राजवाड्यासमोर ढोल बडवतो आणि माझी टोपी राजाच्या टोपीहून छान म्हणतो. राजा टोपी हिसकावतो. उंदीर राजाला भिकारी ठरवतो. लोकांपुढे लाज नको म्हणून राजा टोपी परत देतो, तर उंदीर राजा आपल्याला भ्याला म्हणून पुन्हा ढोल पिटतो.

या गोष्टीत कोणीही आकाशातून येत नाही. उंदीर शेवटपर्यंत उंदीरच राहतो. त्याच्या अंगी कोणतेही महाभूत संचारत नाही. त्याच्याजवळ तीन गोष्टी आहेत: कष्टकऱ्यांच्या हातची वस्तू, ती आपली आहे याची पक्की जाण, आणि चारचौघांत ओरडून सांगण्याची हिंमत. भोपळ्यात बसून लेकीच्या घरून परतणारी म्हातारी याच जातकुळीची. वाटेत लांडगा आहे, वाघ आहे. तिच्या अंगात बळ नाही, पण डोके आहे. फुरसुंगीचा बनेश फेणेही तसाच हाडकुळा. सायकल आणि चौकस बुद्धी एवढेच त्याचे भांडवल. आमच्या बायाबापड्यांनी शतकानुशतके मुलांना जे सांगितले, त्याचे सार असे की, सुटका बाहेरून येईलच असे नाही, म्हणून तू सावध राहा आणि तोंड उघड.

ही शिकवण का महत्त्वाची आहे हे लातूरकरांनी २०१६ साली पाहिले. त्या उन्हाळ्यात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदीचा हुकूम काढावा लागला होता. एप्रिलमध्ये मिरजेहून दहा वाघिणींची पहिली पाणीगाडी सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन लातूरला पोहोचली. तिचे नाव 'जलदूत'. लोकांनी तिचे स्वागत केले, छायाचित्रे निघाली, श्रेयाची ओढाताणही झाली. गाडी आणणे आवश्यकच होते, आणि ती कोणा अवताराने आणली नाही. मिरजेच्या मजुरांनी, रेल्वेच्या कामगारांनी, सार्वजनिक यंत्रणेने आणली. परंतु दूत आला की गोष्ट संपली असे आपण मानले. दुष्काळ दरवेळी पावसाच्या माथी मारता येतो. पण मांजरा धरणाच्या खोऱ्यात उसाखाली किती रान गेले, नदीचे आणि जमिनीखालचे पाणी कोणाच्या पिकाला गेले, हे प्रश्न गाडीच्या शिट्टीत विरून गेले. उद्धारकाच्या कथेचा दोष हा असा असतो. ती संकटाचा शेवट दाखवते, आरंभ दाखवत नाही.

मराठवाड्याच्या मुलांना तर अशा गोष्टी परगावाहून आणण्याची गरजच नाही. ज्या स्वामीजींचे नाव विष्णुपुरीच्या विद्यापीठाला आहे, ते शाळामास्तर होते आणि त्याआधी ना. म. जोशी यांच्यासमवेत कामगार चळवळीत वावरले होते. निजामाच्या राज्यात त्यांच्यामागे जे उभे राहिले ते शेतकरी, विद्यार्थी, छोटे दुकानदार. बिलोली तालुक्यात अर्जापूरजवळ १९४६ साली गोविंदराव पानसरे मारले गेले. १९४८ च्या जानेवारीत उमरीची बँक लुटून स्वातंत्र्यसैनिकांनी लढ्यासाठी पैसा उभा केला आणि त्याचा हिशेब ठेवला. रोमहर्षक म्हणून सांगायचे तर यात काय उणे आहे? पण आपण या माणसांचे पुतळे केले, सतरा सप्टेंबरला हार घातले, आणि मुलांना सनावळी पाठ करायला दिली. पुतळा एकटा उभा असतो. त्याला भाकरी पोहोचवणारी बाई, निरोप नेणारा पोर, रात्री दार उघडणारा गडी चौथऱ्यावर दिसत नाहीत. म्हणजे आपणही खऱ्या लढ्याचा 'शक्तिमान'च करून टाकला.

तेव्हा करायचे काय? मालिकांवर बंदी घाला असे आम्ही म्हणणार नाही. कल्पनेच्या राज्यात पोलिस पाठवणाऱ्यांशी आमचे जमत नाही. आमची मागणी वेगळी आहे. ज्याच्याजवळ एकच गोष्ट आहे तो मुलगा गरीब. त्याला दहा गोष्टी मिळाल्या पाहिजेत. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला. बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ पासून निघते आहे आणि ते स्वस्त आहे. साधने आहेत, ती खेड्यातल्या मुलाच्या हाती पोहोचत नाहीत. गावच्या वाचनालयाचा सेवक तुटपुंज्या वेतनावर राबतो. लातूरच्या शिकवणी वर्गांत दाखल झालेल्या पोराला पाठ्यपुस्तकाबाहेरचे पान उलटायला सवड नसते. ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे असतात, तेथे भाताची चौकशी होते. पुस्तकाची चौकशी कोण करतो? प्रत्येक हंगामी वसतिगृहात पुस्तकांची एक पेटी, प्रत्येक शाळेत आठवड्यातून एक तास निव्वळ गोष्टीचा, आणि वाचनालय सेवकाला जगण्यापुरते वेतन, एवढे तरी शासनाने करावे.

विष्णुपुरीच्या विद्यापीठाकडूनही एक अपेक्षा आहे. कंधार, मुखेड, अहमदपूर, औसा या भागांतल्या म्हाताऱ्या बाया अजून गोष्टी जाणतात. त्यांच्यानंतर त्या कोणी सांगणार नाही. विद्यार्थ्यांनी सुट्टीत आपल्याच आजीपासून आरंभ करावा, गोष्ट तिच्याच बोलीत टिपून घ्यावी, आणि विद्यापीठाने ती पोरांच्या हाती पडेल अशा किमतीत छापावी. ज्यांना टपरीवर दोन घटका शक्तिमानवर वाद घालता येतो, त्यांना हे काम जड जाऊ नये.

त्या दिवशी उठता उठता एका विद्यार्थ्याने त्या अध्यापकाला विचारले, "सर, एवढे होऊन तुम्हांला शक्तिमान आवडतो कसा?" अध्यापक हसला. म्हणाला, "खिडकीतूनही तो तेवढाच दिसायचा, जेवढा आत बसलेल्यांना."

दिसत सारखा होता हे खरे. बसायची जागा सारखी नव्हती. ती सारखी करून देणे हे शक्तिमानचे काम कधीच नव्हते. ते तुमचे-आमचे होते, आणि ते अजून व्हावयाचे आहे.