टाळ्यांवर चूल पेटत नाही

गेल्या जयंतीनंतरची गोष्ट. वर्गणीचा हिशेब करायला आम्ही मंडळाचे लोक समाजमंदिरात बसलो होतो. मंडपवाल्याचे पैसे चुकते झाले होते. डीजेवाल्याने विसार आधीच घेतला होता. आचाऱ्याचेही भागले होते. उरले फक्त गायन पार्टीचे. ठरलेल्या बिदागीतले निम्मे पैसे गायकाच्या हाती ठेवून कोणीतरी म्हणाले, "दादा, समाजाचं काम आहे, सांभाळून घ्या." त्याने पैसे मोजलेसुद्धा नाहीत. जयभीम घातला, पेटी उचलली आणि साथीदारांसह तो निघून गेला.

मागाहून कळले की ढोलकीवाल्याने त्या दिवशी कारखान्यातली पाळी बुडवली होती. पाच जणांत वाटणी झाली तेव्हा त्याची बुडालेली हजेरीही भरून निघाली नव्हती. हे आम्ही दुसऱ्या कोणाचे गाऱ्हाणे सांगत नाही. त्या बैठकीत आम्ही होतो आणि गप्प बसलो होतो.

बंधू-भगिनींनो, आपली चळवळ गाण्यावर वाढली आहे. ज्या काळात आपल्या वाड्यावस्त्यांत वर्तमानपत्र वाचू शकणारा माणूस शोधावा लागे, त्या काळात भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांनी बाबासाहेबांचा विचार गावोगाव पोहोचवला. पुढे वामनदादा कर्डकांनी तोच वसा घेतला. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत १९२२ साली जन्मलेला हा माणूस मुंबईत मिळेल ते कष्टाचे काम करीत राहिला. अक्षरओळख झाली तीही मोठेपणी. २००४ साली त्यांचे निधन झाले, तोवर त्यांची गाणी महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचली होती. गाणी घरात आली, पण गाणाऱ्याच्या घरात काय शिजते हे आपण कधी विचारले का? अण्णा भाऊ साठे यांनी 'फकिरा' ही कादंबरी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. त्यांची पुस्तके आजही खपतात. पण १९६९ साली ते गेले ते हलाखीतच.

"आम्हाला लिहायचं आहे, पण सुचत नाही. घरात जागा नाही, वेळ नाही," असे तरुण मुले-मुली आम्हाला सांगतात. त्यांना आम्ही फलटणच्या बेबीताई कांबळे यांचे उदाहरण देतो. बेबीताईंचे लहानसे दुकान होते. माल बांधायला आणलेल्या रद्दीतले कागद वाचता वाचता वाचनाची गोडी लागली आणि दुकानात बसल्या बसल्या त्या लिहू लागल्या. लिहिलेले कागद त्यांनी वीस वर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले. तेच 'जिणं आमुचं' १९८६ साली पुस्तक होऊन आले. उर्मिला पवार यांनी तर आईच्या बांबूकामाचेच नाव, 'आयदान', आपल्या आत्मकथेला दिले. म्हणजे स्फूर्ती शोधायला डोंगरावर जावे लागत नाही. आईचे हात, गल्ल्यावरचे गिऱ्हाईक, पाळीवरून परतणारा बाप, सगळे समोरच आहे. रोज तासभर वही उघडून बसायची शिस्त मात्र हवी. आणि घरच्यांनी तो तास त्यांना द्यावा. विशेषतः लेकीसुनांना द्यावा, म्हणजे कोणा बेबीताईला पुन्हा कागद लपवावे लागणार नाहीत.

आता पोटाचे. कलावंताने पैसे मागितले की "हा धंदा करतो" असे आपल्यात म्हटले जाते. तथागतांच्या अष्टांगिक मार्गात सम्यक आजीविका सांगितली आहे. शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार उपासकाने करू नये, असे ते सांगतात. घाम गाळून गाणाऱ्याने, चित्र काढणाऱ्याने, मूर्ती घडवणाऱ्याने आपल्या कामाचे दाम घेणे यात कमीपणा कसला? कमीपणा ते बुडवणाऱ्याला आहे.

कलावंतांनाही आमचे सांगणे आहे. हातची नोकरी वा मजुरी कलेच्या भरात सोडू नका. पोट भरलेले असले की लाचारीचे गाणे लिहावे लागत नाही. बिदागी कागदावर लिहून घ्या आणि निम्मा विसार आधी घ्या. आमच्या वस्तीतल्या एका गीतकाराचे गाणे लाउडस्पीकरवर वाजते, पण त्यावर नाव दुसऱ्याचेच. गाणे देताना त्याने कागद केला नव्हता. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने गीतावर पहिला हक्क साधारणपणे ते लिहिणाऱ्याचा असतो आणि त्याच्या पश्चात साठ वर्षे वारसांचा. २०१२ च्या दुरुस्तीने रॉयल्टीत गीतकाराचा वाटाही राखला आहे. तेव्हा न वाचता सही करू नका. कार्यक्रमपत्रिका, कात्रणे, प्रमाणपत्रे एका फाईलमध्ये जपा. ज्येष्ठ कलावंतांना शासनाचे मासिक मानधन मिळते, त्या अर्जाच्या वेळी हेच पुरावे कामी येतात.

आणि मंडळांनी काय करावे? हिशेबाच्या वहीत कलावंताचे नाव शेवटी नाही, पहिल्या ओळीत लिहावे. डीजे एक दिवस कमी वाजला तर जयंती अडत नाही.

आम्ही काही जणांनी खिशातून भर घालून राहिलेले पैसे गायकाकडे पोहोचते केले आणि ढोलकीवाल्याचा वाटा त्याच्या घरी नेऊन दिला. तो पाळीवर होता. वहिनींनी चहा ठेवला. पैसे हातात घेत त्या म्हणाल्या, "हे म्हणतच होते, समाज बुडवणार नाही म्हणून."

तो चहा आम्हाला गोड लागला नाही. त्या माणसाचा आपल्यावरचा विश्वास खरा करायचा, तर पुढची जयंती दूर नाही.

जयभीम!