विश्लेषण : दुकान आपलं, मग जाहिरात कुणाच्या हाती?

हल्ली राजूर-वणीकडच्या छोट्या दुकानदारालाही एक फोन हमखास येतो. ‘तुमचं दुकान गुगलवर पहिल्या नंबरला आणतो, महिन्याला आठ रील देतो, पैसे आगाऊ.’ नाही म्हणावं, तर समोरच्या दुकानाच्या रील पोरं बघतायत. हो म्हणावं, तर महिन्याचा हप्ता नफ्यातूनच जाणार. मग हे काम द्यायचं कुणाला? एजन्सीला, घरातल्या पोराला, की स्वतःच सांभाळायचं?

माझं मत सरळ आहे. काय बोलायचं ते मालकानं ठरवावं, रोजचं काम घरच्यानं किंवा दुकानातल्या माणसानं करावं, आणि बाहेरच्याला फक्त मोजून घेता येईल असं काम द्यावं.

आधी गिऱ्हाईक कोण?

राजूरमध्ये चुनाभट्ट्या आहेत, कोळशाच्या खाणी आहेत आणि त्यांच्या आधारानं उभी राहिलेली दुकानं आहेत. भट्टीवाल्याचं गिऱ्हाईक रील बघून येत नाही. त्याला भाव, चुन्याचा दर्जा आणि गाडी कधी भरून निघेल, हे फोनवर नीट सांगणारा माणूस लागतो. भट्टीची जाहिरात म्हणजे तो फोन. तो मालकानं किंवा जुन्या मुनीमानंच उचलावा.

कापड दुकान, पार्लर, केक, मोबाइल दुरुस्ती यांचं तसं नाही. त्यांचं गिऱ्हाईक जवळच राहतं. पगार झाला की वणीला जावं की इथंच घ्यावं, याचा ते विचार करतं. दुकान किती वाजेपर्यंत उघडं आहे, अमुक मापाचा शर्ट आहे का, एवढंच त्याला कळायला हवं असतं. नागपुरात बसून दिवाळीचं ठरावीक पोस्टर पाठवणाऱ्याला हे कुठून माहीत असणार?

किर्लोस्करांनी काय केलं?

हा प्रश्न जुनाच आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1903 मध्ये लोखंडी नांगर केला, पण लोखंडानं जमिनीत विष भिनतं, असा शेतकऱ्यांचा समज होता. सुरुवातीचे नांगर विकायला दोन वर्षं गेली. पुढं 1920 मध्ये कारखान्यानं ‘किर्लोस्कर खबर’ काढलं. ते सांभाळलं लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी. ते चित्रकला शिकलेले होते, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे कारखान्यातलेच होते. नांगर काय करतो आणि शेतकरी कशाला बिचकतो, हे त्यांना ठाऊक होतं. पुढं त्याचंच ‘किर्लोस्कर’ मासिक झालं. आपल्याकडे शंकरराव नसतील, पण गिऱ्हाईक कशाला बिचकतं हे गल्ल्यावर बसणाऱ्याला कळतंच.

चावी कुणाकडे?

खरी फसगत इथं होते. गुगलवरची दुकानाची नोंद फुकट असते. पण एजन्सी ती स्वतःच्या ईमेलनं उघडते, इन्स्टाग्रामचं खातं स्वतःच्या नंबरवर काढते. वर्षभरानं बिनसलं की गिऱ्हाइकांनी दिलेले तारे, जमवलेले फॉलोअर आणि फोटो तिकडेच राहतात. मालक रस्त्यावर नव्यानं उभा!

म्हणून खातं आपल्याच ईमेलनं आणि आपल्याच सिमवर उघडावं. गुगलच्या नोंदीत ‘मालक’ आपण राहून दुसऱ्याला ‘व्यवस्थापक’ करता येतं. काम संपलं की त्याला काढता येतं. व्हॉट्सअॅप बिझनेसवर एकाच नंबरला आणखी चार उपकरणं जोडता येतात, त्यामुळे उत्तरं देणाऱ्याच्या हाती सिम द्यावं लागत नाही. ओटीपी तर कुणालाच सांगू नये. आणि पहिल्या नंबरची हमी देणाऱ्याला फार बोलू देऊ नये. ती हमी कुणीच देऊ शकत नाही.

बाहेरच्याला काय द्यावं? पाटी, मालाचे चांगले फोटो, लग्नसराईपुरती पैसे भरून केलेली जाहिरात. त्या जाहिरातीचे पैसे आपल्या कार्डातून जावेत, म्हणजे किती उडाले ते दिसतं. सुरुवात एका महिन्यापासून करावी आणि दुकानात येणाऱ्याला ‘कुठून कळलं?’ एवढं विचारून वहीत लिहावं.

घरचं पोर फुकट का?

एजन्सीला पैसे द्यायला तयार असलेला मालक घरच्या मुलीकडून किंवा सुनेकडून तेच काम फुकट करून घेतो. स्वयंपाक आटोपून रात्री अकराला ती गिऱ्हाइकांना उत्तरं देते आणि विक्री वाढली की श्रेय दुकानाला जातं. हे मला पटत नाही. रोजचा एक तास ठरवावा, त्याचा महिन्याचा पगार ठरवावा आणि तो तिच्या स्वतःच्या खात्यावर जमा करावा. एजन्सीला जेवढे द्यायला निघालो होतो, त्याच्या निम्म्यापासून बोलणी सुरू करायला हरकत नाही. ती जास्त मागेल, आणि बहुतेक वेळा तिचंच बरोबर असेल.