झिजणाऱ्या पायांचा भाव

बँकेत असताना ट्रकसाठी कर्ज मागायला कुणी आला, की आम्ही गाडीआधी धंद्याची चौकशी करायचो. गाडी पहिल्या दिवसापासून झिजतच असते. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू काखेत घेऊन समोरच्या गर्दीत घुसणारा ‘रनिंग बॅक’ असाच झिजतो. (माणसाला गाडीच्या पंगतीला बसवणं बरं नव्हे, पण तिथला बाजार तसंच करतो.) कॉलेजातली पोरं तिथले व्यावसायिक संघ दरवर्षी पाळीपाळीने उचलतात, आदल्या हंगामात तळाला असलेल्याची पाळी पहिली. त्यामुळे उत्तम गडी बहुधा फाटक्या घरी पडतो.

२०१८ साली न्यूयॉर्क जायंट्सनी दुसऱ्याच पाळीला सेक्वॉन बार्कली घेतला. पोरगा खोटा निघाला नाही. पहिल्याच हंगामात धावून १३०७ यार्ड, शिवाय ९१ झेल! संघ मात्र १६पैकी पाचच सामने जिंकला. २०२० मध्ये त्याचा गुडघा गेला. २०२४ साली तो फिलाडेल्फिया ईगल्सकडे आला. तिथे पुढे वाट फोडणारे पाचही धिप्पाड गडी भक्कम होते. त्या हंगामात २००५ यार्ड, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सुपर बोल.

तेव्हा लवकर घ्यायचा तो झेल घेणारा, कॉलेजात फार न झिजलेला, आणि तोही वाट फोडणारे आधीच घरात असतील तर. डॅलसकडे ते होते. २०१६ मध्ये चौथ्या पाळीला घेतलेला इझिकिएल इलियट १६३१ यार्ड धावून लीगमध्ये पहिला आला. पुढच्याच वर्षी पहिला आलेला करीम हंटही नवखाच, पण तो कॅन्सस सिटीला मिळाला होता ८५ जण उचलून झाल्यावर.