बिऱ्हाड कुठे ठेवायचे?

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, नई सडकेवरच्या एका हिशेबनिसांच्या कार्यालयाने जुने संगणक काढून व्हर्च्युअल डेस्कटॉप घेतले होते. माणसे साठ, मशीन पुण्याच्या डेटा सेंटरमध्ये. एके सकाळी रस्त्याच्या खोदकामात इंटरनेटची केबल तुटली. मंडळींनी मोबाइलचे हॉटस्पॉट लावले, लॉगिन केले, समोर कोराकरकरीत डेस्कटॉप आला. थोडी कुरकुर झाली, पण काम थांबवता येण्यासारखे नव्हते. दिवसभर काम झाले. दुसऱ्या दिवशी केबल जोडली गेली, प्रत्येकाचा जुना डेस्कटॉप परत आला आणि आदल्या दिवसाचे काम मात्र कुठेच सापडेना. आम्ही पोचलो तेव्हा तिथले सर्वांत ज्येष्ठ काका एवढेच म्हणाले, "अहो, काल मी बेचाळीस व्हाउचरांचा तक्ता केला होता. तो गेला कुठे, तेवढं सांगा."

तो गेला होता. परत आणता आला नाही.

कारण शोधायला वेळ लागला नाही. मशीन पुण्यात होती, पण प्रोफाइल नई सडकेवरच्या कार्यालयातच, एका जुन्या नॅसवर ठेवले होते. "आपला डेटा आपल्या घरात" हा मालकांचा आग्रह, आणि बसवणाऱ्याने तो मान्य केला. केबल तुटल्यावर पुण्याच्या मशीनला ग्वाल्हेरचे नॅस दिसेना. प्रोफाइल सांभाळणाऱ्या एफएसलॉजिक्सने प्रोफाइलची फाइल, म्हणजे कंटेनर, न मिळाल्यामुळे त्या मशीनपुरते नवे प्रोफाइल उघडून दिले. दुसऱ्या दिवशी कंटेनर मिळाला आणि कंटेनर जोडताना स्थानिक प्रोफाइल पुसून टाकावे अशी सेटिंग चालू होती, तिने आपले काम चोख केले. एकही घटक बिघडलेला नव्हता. बिघडली होती ती मांडणी.

प्रोफाइल हा शब्द आपण इतक्या सहज वापरतो की त्यात काय असते याचा विसर पडतो. डेस्कटॉपवरच्या फायली, ब्राउझरमधले जतन केलेले पासवर्ड, आउटलुकची टपालाची प्रत, एक्सेलच्या सवयी, सही, शब्दकोश. ते त्या माणसाचे बिऱ्हाडच असते. व्हर्च्युअल डेस्कटॉपच्या समाईक पूलमध्ये आज हे मशीन, उद्या ते. खोली रोज बदलते, म्हणून बिऱ्हाडाची सोय आधी लावावी लागते. विंडोज एनटीच्या काळापासून चालत आलेली रोमिंग प्रोफाइलची पद्धत म्हणजे विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर: लॉगिनला सगळे सामान सर्व्हरवरून उतरवायचे, जाताना परत चढवायचे. सामान वाढले की लॉगिनला दहा-दहा मिनिटे लागत, आणि स्थानिक ॲपडेटा तर बरोबर येतच नसे. एफएसलॉजिक्सने ही ने-आण बंद केली. सगळे प्रोफाइल एका व्हीएचडीएक्स फायलीत, म्हणजे कंटेनरमध्ये, राहते, लॉगिनच्या वेळी ती फाइल नेटवर्कवरून डिस्कसारखी जोडली जाते आणि लागतील तेवढेच तुकडे वाचले जातात. मायक्रोसॉफ्टने २०१८च्या नोव्हेंबरमध्ये एफएसलॉजिक्स ही कंपनी घेतली आणि २०१९मध्ये आपला व्हर्च्युअल डेस्कटॉप बाजारात आणला, तेव्हापासून हीच रूढ वाट आहे.

ज्या भागात हे घडले त्याचे नावच लष्कर. दौलतराव शिंद्यांची छावणी १८१०मध्ये किल्ल्याच्या पायथ्याशी उतरली, ती उठलीच नाही. राहुट्यांचे वाडे झाले आणि लष्कर हे शहराचे नाव होऊन बसले. बिऱ्हाड एका जागी स्थिर झाल्याने काय साधते हे ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला वेगळे सांगायला नको.

मात्र ती जागा योग्य हवी. मायक्रोसॉफ्टच्या अझुर क्लाउडमध्ये 'सेंट्रल इंडिया' हे प्रदेशाचे नाव वाचून ग्वाल्हेर-इंदूरकडच्या वाचकाला आपला मुलूख आठवतो, कारण ब्रिटिश अमदानीत या नावाने तोच ओळखला जाई. अझुरचे सेंट्रल इंडिया पुण्यात आहे, २०१५पासून. मशीन तिथे असतील तर प्रोफाइलची शेअरही तिथेच हवी. पुणे ते ग्वाल्हेर या अंतरावरून फक्त पडद्यावरचे चित्र आणि कळफलकाचे ठोके जावेत. फायली वाचण्या-लिहिण्याच्या एसएमबी प्रोटोकॉलचा एकेक तुकडा ४४५ क्रमांकाच्या पोर्टमधून हजारेक किलोमीटर पळवणे हा काकांच्या तक्त्याशी केलेला जुगार होता.

आकाराचे गणित सोपे आहे आणि तरीही चुकते, कारण सगळे जण जागा मोजतात, गती मोजत नाहीत. मायक्रोसॉफ्टचा ठोकताळा असा: माणशी काम चालू असताना १० आयओपीएस, लॉगिन-लॉगआउटच्या क्षणी ५०. साठ माणसांचे कार्यालय म्हणजे दिवसभर ६००, पण सकाळी दहाच्या ठोक्याला ३,०००. शेअर त्या दहाच्या ठोक्यासाठी घ्यायची. साध्या शेअरच्या वापरानुसार दरात प्रत्येक वाचन-लेखनाचे पैसे पडतात आणि कंटेनर सतत वाचत-लिहीत असतो, म्हणून 'स्वस्त' शेअरचे बिल महिन्याअखेर घाम फोडते. कंटेनरची कमाल मर्यादा मुळात ३० जीबीच्या आसपास असते. फाइल वाढत जाते, आतून सामान काढले तरी आपोआप लहान होत नसे. एफएसलॉजिक्सच्या २२१० या आवृत्तीपासून लॉगआउटच्या वेळी ती आक्रसते. जुनी आवृत्ती चालवत असाल तर निदान एवढ्यासाठी तरी बदला.

आता परवानग्या. या विषयावर आम्हाला कळकळीने लिहायचे आहे, कारण इथली चूक दिसत नाही. सगळे छान चालते, लॉगिन होते, कोणी तक्रार करत नाही, आणि शेअरवर 'एव्हरीवन, फुल कंट्रोल' असते. त्या कार्यालयात आम्ही एका साध्या कर्मचाऱ्याच्या खात्याने शेअर उघडली. मालकांच्या कंटेनरची प्रत करून ती दुसऱ्या मशीनवर डिस्क म्हणून जोडता येत होती. टपाल, फायली, सगळे.

परवानग्यांचे दोन थर असतात आणि दोन्ही लावावे लागतात. शेअरच्या पातळीवर वापरकर्त्यांच्या गटाला एसएमबी शेअर कॉन्ट्रिब्यूटरची भूमिका. आत एनटीएफएसमध्ये वापरकर्त्यांना मॉडिफाय, पण फक्त मुळाच्या फोल्डरपुरता. क्रिएटर ओनरला मॉडिफाय, फक्त आतल्या फोल्डर-फायलींवर. म्हणजे प्रत्येकाला आपले दार उघडता येते, शेजाऱ्याचे नाही. स्टोरेज खात्याची की रोजच्या जोडणीसाठी वापरणे म्हणजे वाड्याची मास्टर किल्ली दाराबाहेरच्या खिळ्याला अडकवणे. डोमेनशी जोडून केर्बेरोस वापरा. त्यासाठी डोमेनमध्ये तयार होणाऱ्या खात्याचा पासवर्ड मुदतीत बदला, नाहीतर एके सकाळी कोणाचेच लॉगिन होणार नाही. शेअरला प्रायव्हेट एंडपॉइंट द्या. वॉनाक्राय २०१७च्या मे महिन्यात एसएमबीच्याच वाटेने जगभर पसरला होता, हे आपल्या पिढीच्या ॲडमिनला आठवत असेल.

अँटीव्हायरसमधून व्हीएचडीएक्स फायली वगळायला विसरू नका. हे एका वाक्याचे काम आहे, पण ते न केल्याने तासन्‌तास हरवलेले आम्ही पाहिले आहेत.

आणि काकांचा तक्ता वाचवणाऱ्या दोन सेटिंग: कंटेनर जोडला गेला नाही तर लॉगिनच होऊ देऊ नका, तात्पुरत्या प्रोफाइलवरही नको. प्रिव्हेंट लॉगिन विथ फेल्युअर आणि प्रिव्हेंट लॉगिन विथ टेम्प प्रोफाइल. या मुळात बंद असतात. चालू केल्या की लोक तुम्हाला फोन करतील, चिडतील. चिडू द्या. बंद दारापाशी थांबलेल्या माणसाचा एक तास जातो. खोट्या खोलीत बसवलेल्याचा दिवस जातो, आणि ते त्याला दुसऱ्या दिवशी कळते.

बॅकअपबद्दल थोडेच. प्रीमियम शेअरच्या प्रती एकाच प्रदेशात राहतात, दूरच्या प्रदेशात आपोआप जात नाहीत. एका शेअरवर २०० स्नॅपशॉट ठेवता येतात, पण ते त्या शेअरच्याच आश्रयाने असतात. शेअर पुसली तर सॉफ्ट डिलीटची मुदत हाच आधार उरतो. वेगळ्या व्हॉल्टमध्ये प्रत ठेवा.

वाचकांना एक विनंती. हा अंक मिळाला की आपल्या संस्थेतल्या एका माणसाचा कंटेनर त्याच्या संमतीने बॅकअपमधून वेगळ्या फोल्डरमध्ये परत आणा, जोडून बघा, त्याच्या डेस्कटॉपवरची कालची फाइल उघडते का ते पाहा आणि घड्याळ लावून वेळ मोजा. किती मिनिटे लागली आणि कुठे अडले, ते आम्हाला लिहून कळवा. पुढचा अंक त्या पत्रांसाठी राखून ठेवला आहे.