नरक्याचा काढा नको

मैत्रिणींनो, आमच्या किल्लारीत शेजारच्या मावशींना स्वादुपिंडाचा कर्करोग निघाला. सून मला विचारते, "बाई, सह्याद्रीतल्या नरक्याची साल उकळून देऊ का?"

थांब गं बाई! नरक्यात कॅम्प्टोथेसिन असतं, हे खरं. पण ते मूळ रूपात विषारी. त्यात फेरफार करून इरिनोटेकॅन बनवतात आणि आणखी तीन औषधांबरोबर शिरेतून देतात. अंगात ताकद असलेल्या रोग्यांचं आयुष्य या चौकडीने वाढतं, हे २०११ साली दिसलं. मात्र दर फेरीआधी रक्त बघून, वजन-उंची मोजून मात्रा ठरते. काढ्याला कसलं माप?

हळदीच्या गोळ्यासुद्धा डॉक्टरांपासून लपवू नका. सुनेने घरच्या साऱ्या काढ्या-गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवली. तुम्हीही दाखवा हं!