पाचवा महिना जुळ्यांसाठी उशिराचा आहे

परतुरात परवा एका कार्यक्रमात एक वक्ते गरोदर बायांच्या तपासण्यांवर घसरले. गृहस्थ शिकलेले आहेत, चार ठिकाणी त्यांच्या शब्दाला मान आहे, म्हणून त्यांचं म्हणणं सोडून देता येत नाही. ते म्हणाले, गरोदरपणात पुढं काय बिघडणार याची भाकितं करणं हा शहरी दवाखान्यांनी काढलेला धंदा आहे. पोटात दोन आहेत हे पाचव्या महिन्यात कळलं तरी पुरे. आधी कळवून पोरीच्या जिवाला घोर, नवऱ्याला जालना-संभाजीनगरच्या चकरा, आणि एवढं करून उपचार मुंबई-पुण्याला. आपल्या आज्यांनी जुळी जन्माला घातली ती कुठल्या मशीनवर? टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत बाया फार कमी होत्या.

आजीचा दाखला आधी बाजूला ठेवते. जगलेल्या जुळ्यांची आठवण घराण्यात राहते. जी गेली त्यांचं बारसंच झालं नाही, त्यांची मोजदाद आजीनं कशी करावी? घोर लागतो हे खरं आहे. पण आठव्या महिन्यात रात्री दोन वाजता कळा सुरू झाल्यावर गाडी शोधताना जो घोर लागतो, तो या वक्त्यांनी कधी पाहिलेला दिसत नाही.

भांडायचं आहे ते ‘पाचव्या महिन्यात कळलं तरी पुरे’ या वाक्याशी. ते शहाणपणाचं वाटतं आणि दर वेळी तेच पुढं केलं जातं. दोन जीव आहेत एवढं पाचव्या महिन्यातही कळतं, कबूल. पण जुळ्यांच्या बाबतीत सगळं अडतं ते दोघांची वार एकच आहे की प्रत्येकाची वेगळी, यावर. याचं चोख उत्तर मिळतं ११ ते १४ आठवड्यांच्या दरम्यान. दोन बाळांमधला पडदा वारेला जिथं टेकतो, तिथं डॉक्टर नीट बघतात. वार वेगवेगळी असेल तर पडद्याच्या मुळाशी वारेचा जाडसर त्रिकोण घुसलेला दिसतो. त्या खुणेला लॅम्डा म्हणतात. वार एकच असेल तर पातळ पडदा इंग्रजी टी अक्षरासारखा काटकोनात टेकलेला असतो. दिवस वाढतात तसा तो त्रिकोण विरत जातो, शेजारी रुजलेल्या दोन वेगळ्या वारांच्या कडा एकमेकींना भिडून एकसंध दिसू लागतात. पाचव्या महिन्यात मग पुष्कळदा अंदाजावर भागवावं लागतं.

आणि हा अंदाज चुकला तर काय होतं, ते त्या टाळ्या वाजवणाऱ्यांना कुणी सांगितलं नाही. चार-पाच जुळ्यांमागे एका जोडीची वार सामाईक असते. अशा वारेत दोन्ही बाळांच्या रक्तवाहिन्या आतून जोडलेल्या असतात. बहुतेक वेळा देवाणघेवाण बरोबरीची राहते. शंभरातल्या दहा-पंधरा जोड्यांत मात्र ती एकतर्फी होते. एका बाळाचं रक्त दुसऱ्याकडे जात राहतं. देणारं बाळ सुकतं, त्याची लघवी कमी होते, त्याच्याभोवतीचं पाणी आटतं आणि ते पडद्यात गुंडाळल्यासारखं एका कडेला चिकटून बसतं. घेणाऱ्याच्या हृदयावर ताण येतो, त्याच्याकडे पाणी वाढत जातं. आईचं पोट आठ-पंधरा दिवसांत एकदम फुगतं, धाप लागते, आणि घरात म्हणतात, ‘जुळं आहे ना, पोट वाढणारच.’ वाढलेल्या अवस्थेत उपचार न मिळाल्यास बहुतेक वेळा दोन्ही बाळं जातात. हा त्रास सुरू होतो तोच मुळी साधारण १६ ते २६ आठवड्यांच्या दरम्यान. म्हणून वार एक असेल तर १६ व्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी सोनोग्राफी करायची असते. वार वेगळी असेल तर महिन्याला एक पुरते. पाचव्या महिन्यात पहिल्यांदा मशीनखाली आलेल्या बाईच्या १६ आणि १८ आठवड्यांच्या तपासण्या हुकलेल्या असतात, आणि वार एक आहे हेही तिला कुणी खात्रीनं सांगू शकत नाही.

आमच्या नात्यातल्या एका पोरीचा असा उशिराचा रिपोर्ट मी हातात घेऊन वाचला आहे. दोन्ही बाळांच्या ठोक्यांचे आकडे होते, मांडीच्या हाडाची लांबी होती, वजनाचा अंदाज होता. वारेच्या ओळीत एकच शब्द, ‘पोस्टिरिअर’, म्हणजे मागच्या बाजूला. एक की दोन, याबद्दल अक्षर नाही. पुढच्या डॉक्टरनं तो कागद घेऊन काय ठरवायचं होतं?

आता या वाक्याचा मार सगळ्यात जास्त कुणावर बसतो ते बघा. परतूर, मंठा, घनसावंगी, अंबड या पट्ट्यातून दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. उचल घेतलेली असते, कोयता जोडीनं चालतो, एकटा नवरा जाऊन भागत नाही. दिवाळीत दिवस राहिलेल्या बाईचे ११ ते १४ आठवडे जानेवारीत येतात, म्हणजे ती तेव्हा सांगली-कोल्हापूरकडे किंवा कर्नाटकात फडात मोळ्या उचलत असते. कारखान्याचा पट्टा पडून, हंगाम संपून गावी येते तेव्हा पाचवा महिना लागलेला किंवा उलटलेला असतो. आपले वक्ते ज्याला ‘पुरे’ म्हणतात, ते या बायांना आधीपासूनच मिळतं आहे. एवढ्यावर समाधान मानायला सांगणाऱ्यानं एकदा फडावरच्या कोपीत राहून बघावं.

लवकर सोनोग्राफी म्हटलं की आणखी एक जुना वाद उकरून काढला जातो, तो कायद्याचा. मुलगा-मुलगी बघण्याच्या धंद्यानं मराठवाड्याची मान खाली गेली आहे आणि १९९४ चा कायदा हवाच, यात दुमत नाही. तो पाळून घेण्यासाठी आम्हीही भांडलो आहोत. पण त्या कायद्याच्या नावावर ‘तीन महिन्यांच्या आत मशीनकडे फिरकू नका’ असं सांगणारे भेटतात, त्यांनी तो वाचलेला नसतो. सोनोग्राफीवेळी भरायच्या एफ फॉर्ममध्ये तपासणीच्या कारणांची यादी छापलेली आहे. तिसरंच कारण आहे गर्भांची संख्या आणि त्यांची वार एक की वेगळी ते पाहणं. कायदा करणाऱ्यांना जे सुचलं, ते आमच्या वक्त्यांना अजून सुचायचं आहे.

मुंबई-पुण्याच्या उपचारांचा मुद्दा राहिला. एकाच वारेतल्या बाळांची देवाणघेवाण एकतर्फी झाली की दुर्बिणीतून लेझरनं त्या जोडलेल्या रक्तवाहिन्या बंद करतात. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या चाचणीत लेझर केलेल्या गटात ७६ टक्के गरोदरपणांत निदान एक बाळ २८ दिवसांचं झालं. नुसतं पाणी काढत राहिलेल्या गटात हे प्रमाण ५६ टक्के होतं. ही सोय मोठ्या शहरातच मिळते. पण त्यावरून निघतं एवढंच की परतूरच्या बाईला इतरांपेक्षा आधी कळायला हवं, कारण तिला पैसे जमवून लांब जायचं आहे.

शिवाय लवकर कळण्याचा उपयोग लेझरपुरता नाही. जुळं असलेल्या पहिलटकरणीला रक्तदाबाचा धोका जास्त. तिला डॉक्टर १२ व्या आठवड्यापासून कमी डोसची अ‍ॅस्पिरिन देऊ शकतात. गोळी स्वस्त आहे, पण पाचव्या महिन्यात सुरू करून तिचा तेवढा गुण येत नाही. राज्यात निम्म्याहून अधिक बायांना रक्तक्षय आहे आणि दोन बाळांना रक्त पुरवणाऱ्या आईचं हिमोग्लोबिन एकट्या शेवटच्या महिन्यात भरून काढणं कठीण असतं. जुळ्यांपैकी निम्म्याहून अधिक ३७ आठवड्यांआधी जन्मतात. बाळंतपण लवकर होणार असं दिसलं की फुप्फुसं तयार व्हायला आईला डेक्सामेथासोनची इंजेक्शनं देतात, बारा-बारा तासांनी चार. त्यासाठी बाई वेळेत, नवजात बाळांचा कक्ष असलेल्या दवाखान्याच्या जवळ असावी लागते. सगळं सुरळीत असलं तरी वार एक असेल तर ३६ आणि वेगळी असेल तर ३७ आठवड्यांच्या सुमारास बाळंतपण ठरवतात.

मागणी मोठी नाही. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी २०१६ पासून होते. जोखमीच्या बाईच्या कार्डावर लाल स्टिकर लागतो. जुळं असेल तर त्या स्टिकरखाली पेनानं लिहावं: वार एक, किंवा वार वेगळी, आणि कितव्या आठवड्यात पाहिलं. ११ ते १४ आठवड्यांत पोचेल अशा बेतानं आशाताईनं पाळी चुकल्याबरोबर नाव नोंदवावं. टोळी निघण्याआधी दिवस गेलेल्या आणि जाण्याची शक्यता असलेल्या बायांची यादी करून ती ज्या कारखान्यावर टोळी जाणार तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्राला फोनवर कळवावी, आणि जानेवारीतल्या सोनोग्राफीच्या दिवशी त्या बाईचा खाडा धरू नये, हे मुकादमाकडून उचल घेतानाच कबूल करून घ्यावं.